मंदाकिनी कंपनीचं आता काही खरं नाही

हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली
३० एप्रिल २०२४

आदरणीय पद्माताई,

सप्रेम जय भीम आणि माझा सलाम.

इकडे सगळं ठीक. तुम्ही सगळे नांदेडला खुशाल असाल. भिवाजीदादांचे गुडघे काय म्हणतात? बाजाच्या पेटीसमोर मांडी घालून बसणं बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे गुडघे दुखतच असणार, कारण दादा काही ऐकायचे नाहीत. सुरजला, सूनबाईला आणि लेकरांना माझी दुवा सांगा.

ऊन असं पडलंय की दुपारी दुकानाच्या शटरला हात लावता येत नाही. निवडणूक संपली, रिक्षांवरचे भोंगे उतरले, गाव खामोश झालं. हळद शिजवून, वाळवून झाली. ज्याला त्याला वसमतच्या बाजाराची घाई. माझ्या साउंडच्या दुकानाकडे फिरकायला कुणाला सवड नाही. मी सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली करतो, मधल्या वेळात पंख्याखाली बसून राहतो. जैनब होती तेव्हा डबा द्यायच्या निमित्ताने दुपारी एक चक्कर मारायची, दोन शब्द बोलून जायची. ती गेल्यापासून डबा मीच सकाळी आणतो आणि मीच उघडतो.

तुम्ही बऱ्याचदा फोन केलात आणि मी उचलला नाही, त्याचा राग मानू नका. आमच्या लेकीने, मुन्नीने, परभणीहून नवा मोबाइल घेऊन दिला, पण त्याचा स्पीकर कामाचा नाही. कंपनी नावाजलेली आहे हो, पण आतून भुसा. तुम्ही बोलून पाठवलेला निरोप मी पुन्हापुन्हा लावला. नुसती खरखर आणि भुणभुण. शेवटी सुरजने लिहून पाठवलं तेव्हा मजकूर समजला. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जसं मी कबूतरच मागितलं.

साखऱ्याच्या विहाराचं लोकार्पण बुद्धपौर्णिमेला आहे, तातेराव पंचमंडळींना घेऊन तुमच्या घरी येऊन गेले, आणि तुम्ही इतक्या वर्षांनी परत गायला तयार झालात, हे वाचून मी दुकानात एकटाच हसत बसलो. पण पुढे तुमची अट वाचली. मिक्सरवर फारुकभाऊ बसणार असतील तरच गाईन, नाही तर नाही.

ताई, ही अट मागे घ्या. तीस वर्षं तुमच्या गायनपार्टीचा आवाज मी सांभाळला, पण या वेळी मला जमणार नाही. कारण सांगतो. आजकालच्या सामानावर तुमचं गाणं लावायला माझा हात धजत नाही.

आपला मंदाकिनी ॲम्प्लिफायर तुम्हाला आठवत असेलच. जीपमधून उतरवायला मी आणि दादा दोघं लागायचो आणि दादा दर वेळी म्हणायचे, “फारुक, यात काय दगड भरले व्हय?” गेल्या वर्षी मी त्याच कंपनीचा नवा घेतला. तेच नाव, तीच निळी पट्टी, तेच नदीचं चित्र. उचलून पाहिला, चांगला वजनदार लागला, मी खूश झालो. चालवायला घेतला तर तासाभरात तव्यासारखा तापला. उघडून पाहतो तर अर्धी पेटी रिकामी. आणि तळाला एक जाडजूड लोखंडी पट्टी स्क्रूने आवळलेली. ती कोणत्याच तारेला जोडलेली नाही. काहीच काम नाही तिला. नुसती वजनाला! माझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकाने पेटी उचलली की त्याच्या हाताला ओळख पटावी, एवढ्यासाठी. मला राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला.

ती पेटी तशीच हिंगोलीला रतनसिंगच्या दुकानात नेली, जिथून घेतली होती. तो चहा पाजून म्हणाला, “फारुकभाई, कंपनी राहिलीच कुठं? म्हातारा मालक गेला, पोरांनी नाव इकून टाकलं. आता निस्तं नाव मंदाकिनी हाये. माल कुठून येऊन राहिला ते मलाबी ठाव न्हाई.”

“मग काहून ठेवतो दुकानात?”

“लोकं नाव पाहून मागतेत ना बापा.”

माईकचंही तेच. आपला वेलहाइमचा जर्मन माईक कळमनुरीला स्टेजवरून खाली पडला, लोकांच्या पायाखाली गेला, तुम्ही पदराने पुसून परत हातात घेतला आणि पुढचं कडवं म्हटलं. आता त्याच वेलहाइमची जाळी अंगठ्याने दबते. आवाजाला कडा म्हणून नाही. ‘स’ आणि ‘श’ तर कुठे जातात कळत नाही, शब्द बोथट होतात. झांज गायबच. मी ट्रेबल वाढवतो, अजून वाढवतो, पार शेवटाला नेतो, तरी गोधडीच्या आतून कुणी गात असल्यासारखं वाटतं.

एका कंपनीचं असतं तर सोडून दिलं असतं. कुकरची शिट्टीसुद्धा आता वाजत नाही. नवा कुकर, भारी कंपनी, आणि दोनदा माझी डाळ करपली. मशिदीच्या भोंग्याची मी तक्रार केली की आवाज नीट येत नाही, नवा स्वस्तातला बसवला का? मौलवीसाहेब म्हणाले, “फारुकभाई, भोंगा तोच हाये, तुमीच बसवलेला.” म्हटलं, मग वायर हलकी टाकली असेल.

असा सगळा जमाना. त्यात तुमचं गाणं मी खराब करायचं का? म्हणून नाही म्हणतो.

लाईट गेली. उद्या लिहितो.

१ मे

आज सकाळी पाकीट चिकटवायच्या आधी कालचं वाचून काढलं. त्यात मंदाकिनीबद्दल लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. ती लोखंडी पट्टी मी काढून समोर टेबलावर ठेवली आहे, त्याच पट्टीखाली हा कागद दाबून लिहितो आहे. पण पत्र वाचताना माझं मलाच कसंतरी झालं. तुम्ही हे वाचून काय कराल ते मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, मग जुना मंदाकिनी काढा की माळ्यावरून! एवढंच ना कारण?

तेवढंच नाही, ताई.

मार्चमध्ये विकासने मला कनेरगाव नाक्याला एका लग्नात बोलावलं होतं. विकास तुम्हाला माहीतच आहे, आपल्या पार्टीच्या शेवटच्या वर्षांत वायरी ओढायचा. आता त्याचं स्वतःचं साउंड आहे, टेम्पो आहे, बायको आकांक्षा हिशोबपाणी बघते. मोठ्या मानाने त्याने मला मिक्सरवर बसवलं आणि स्वतः पंगतीला गेला. नवरीची मावशी गाणं म्हणायला उभी राहिली. मला तिचा आवाज दबका वाटला, म्हणून मी ट्रेबल चढवला. समोरच्या बायांनी कानांवर हात ठेवले. एक तान्हं लेकरू रडायला लागलं. मावशी गाता गाता थांबली आणि हातातल्या माईककडे बघायला लागली. मला वाटलं, शब्द विसरली बिचारी. मी हाताने खूण केली, म्हणा, म्हणा. तर मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या.

विकास उष्ट्या हाताने पळत आला आणि डाव्या हाताने बटण खाली ओढलं.

“चाचा, काय करून राहिले तुमी? माईक केव्हाचा शिट्टी मारून राहिला!”

माईकची शिट्टी, ताई. दुसऱ्या पार्टीच्या माईकने शिट्टी मारली की आपण मागे बसून किती हसायचो. माझ्या माईकने तीस वर्षांत शिट्टी मारली नाही, कारण ती सुरू व्हायच्या आधी मला कळायची, जशी आईला लेकराची उठायची चाहूल लागते. आणि त्या दिवशी सगळा मंडप कान झाकून बसला तरी मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी विकासला काय म्हणालो? म्हणालो, माईक बोगस आहे, वेलहाइम आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्याने वाद घातला नाही. “व्हय चाचा, असंल,” एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने मला बोलावलेलं नाही. मीही विचारलं नाही.

ईद झाल्यावर एके दुपारी ठरवलं, या कंपन्यांना पुराव्यानिशी खोटं पाडायचं. माळ्यावरून आपला जुना मंदाकिनी उतरवला. एकट्याने उतरवला, कंबर दोन दिवस धरली होती. त्याच्या शेजारी नवा ठेवला. तुमच्या हिंगोलीच्या कार्यक्रमाची कॅसेट काढली, ज्यात दादांची पेटी आहे आणि मागे तुमच्या धाकट्या जाऊबाई झांज वाजवतात. आधी नव्यावर लावली. गोधडी. मग मोठ्या तोऱ्यात तार काढून जुन्यावर लावली, आता बघा म्हटलं.

जुन्यावरही गोधडीच.

तरी मला पटलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं माळ्यावर पडून जुन्यातले पार्ट सुकले असतील, कॅसेटही जुनी. तेवढ्यात शेजारच्या देवलाबाई आल्या. त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, डोळ्यांना धड दिसत नाही, काठी टेकत येतात. दारात उभ्या राहिल्या आणि डोलायला लागल्या.

“पद्माबाईच हाये न्हवं ही? बाई, बाई! झांज कशी खणखणून राहिली!”

मी तार काढून नव्या पेटीवर लावली आणि विचारलं, “आता?”

“हेबी बरं हाये. पर पहिल्यात जीव व्हता.”

बघा, ताई. म्हणजे माझं म्हणणं बराबरच होतं. नवा मंदाकिनी खराबच आहे. फक्त ते देवलाबाईंना ऐकू येतं, मला येत नाही. मला दोन्ही सारखेच.

त्या गेल्यावर मी कॅसेट चालूच ठेवली. तिची चाकं फिरत होती, दादांची पेटी खालून येत होती, ढोलकी येत होती. तुम्ही वरच्या सुरात गेलात की गाणं संपल्यासारखं व्हायचं आणि खाली उतरलात की परत सुरू व्हायचं. मी एकटा बसून तुम्ही परत खाली उतरायची वाट बघत होतो.

मग कुणाला न सांगता हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबलं, परत दाबलं, मग बराच वेळ नुसता बसून राहिलो की आता पुढचं कधी सुरू करतात. काचेपलीकडच्या बाई दार उघडून म्हणाल्या, “झालं काका, या बाहेर.” मला वाटलं होतं अजून सुरूच व्हायचंय.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या सुरांची रेघ सरळ, वरच्या सुरांकडे ती विहिरीत उतरल्यासारखी. म्हणाले, वय आहे आणि तीस वर्षं भोंग्याशेजारी बसलात. गेलेलं परत येत नाही. मशीन लावा. मी विचारलं, कंपनी कोणती? ते हसले. मी हसलो नाही. त्यांनी तिथेच एक मशीन लावून दाखवलं. पंखा, कागदाची सळसळ, त्यांची चप्पल, सगळं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं. मशीन मी घेणार आहे. त्याच्यावर माणसांशी बोलता येईल, कुकर कळेल. पण त्याच्यावर तुमचं गाणं सांभाळता यायचं नाही, एवढं मला अजून समजतं.

हे मी मुन्नीला सांगितलेलं नाही. ती लगेच म्हणेल, दुकान बंद करा आणि परभणीला चला. विकासला सांगितलं नाही, तो कीव करेल. चहाच्या टपरीवर सगळे हसले की मीही हसतो, आणि कशाला हसलो ते मला माहीत नसतं. घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, त्यामुळे तिथे तर काहीच अडत नाही. कधीकधी वाटतं, जैनब गेली हे एका परीने बरंच झालं. नाही तर तिला माझ्याशी ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ती कधी मोठ्याने बोललेली नाही. असं लिहू नये. पण एकट्या माणसाच्या मनात काय काय येतं.

आणि तुमच्या निरोपाबद्दल काल जे लिहिलं ते खरं नाही. खरखर काहीच नव्हती. मोबाइल चांगला आहे. तुम्ही बोलत होतात आणि मला शब्द लागत नव्हते. ताई, आवाज तुमचा आहे हे मला वरचं नाव वाचून कळलं. तीस वर्षं सांभाळलेला जो आवाज मी दहा गावांच्या गोंगाटात ओळखला असता, तो कानाशी धरला आणि ओळखला नाही. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडलो. मग पुढचे फोन उचलले नाहीत. तुम्ही ‘फारुकभाऊ’ म्हणून हाक माराल आणि मी ‘कोण?’ म्हणून विचारेन, याची मला भीती वाटत होती.

म्हणून हात जोडून सांगतो, अट मागे घ्या, पण कार्यक्रम मोडू नका. तुमचा स्वभाव मी ओळखतो. तुम्ही म्हणाल, फारुकभाऊ नाहीत तर मी पण नाही. असं करू नका. तुम्ही माझ्यामुळे गायला नाहीत तर मी बहिराही झालो आणि गुन्हेगारही, दोन्ही मला पेलायचं नाही. साखऱ्याच्या लोकांनी विहार बांधलाय. तिथे तुमचा आवाज आधी लागला पाहिजे.

मिक्सरवर विकासला बसवा. मी उद्या त्याच्याकडे जातो आणि सगळं तोंडाने सांगतो, माझं कानाचंही. जुना मंदाकिनी त्याला देतो. नवा आणला तर परत पाठवा. तुम्ही वर जाताना माईक तोंडापासून लांब नेता, तेव्हा नवखा माणूस घाबरून आवाज वाढवतो. त्याला बजावून ठेवतो की पद्माताई माईक लांब नेतील तेव्हा हात मांडीवर ठेवायचा, त्यांना त्यांचं माहीत आहे. पोरगं गुणी आहे. कान चांगले आहेत त्याचे, कनेरगावला पंगतीत बसून त्याने शिट्टी ओळखली. कापडी फलकावर खाली ‘ध्वनी’ म्हणून माझं नाव असायचं, तिथे त्याचं घाला. मला वाईट वाटेल, पण घाला.

मी येणार आहे. तातेरावांना सांगा, मला मंडपात समोर कुठेतरी जागा ठेवा. इतकी वर्षं मी तुम्हाला डाव्या अंगानेच पाहिलंय, पडद्याच्या फटीतून. गाताना तुम्ही समोरून कशा दिसता ते मला माहीत नाही. ढोलकी मला ऐकू येईल, दादांच्या पेटीचे खालचे सूरही येतील. तुम्ही वर गेलात की तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.

तुमचं गाणं संपून लोक टाळ्या वाजवायला लागले की त्या गलक्यात माईकने शिट्टी मारू नये म्हणून माझे दोन्ही हात बटणांवर असायचे. तीस वर्षांत तुमच्या एकाही गाण्याला मी टाळी वाजवलेली नाही. या वेळी हात मोकळे आहेत. लोक कधी थांबले ते मला बराबर कळणार नाही. तेव्हा सगळे शांत झाल्यावरही कुणी एकटा टाळ्या वाजवत असलेला दिसला, तर त्याला अडवू देऊ नका.

तुमचा भाऊ,
फारुक